चाळीस टक्क्यांची शाळा

धागाकर्ती: फिरती_शाळा
मंगळवार, रात्री १०:४०

मी अपंग मुलांसाठीची फिरती विशेष शिक्षिका. मराठवाड्यातल्या एका तालुक्यात चौदा वर्षं स्कूटीवर शाळा-शाळा फिरते. मधल्या काळात बाहेरून समाजशास्त्रात एमए केलं. तेव्हापासून डोक्यात एक गुंता बसलाय, तो इथे सोडून बघते.

मागच्या महिन्यात सहावीतल्या एका मुलाला घेऊन तपासणी शिबिराला गेले. या पोराला बाजारात उभं करा, शेळीचं वजन नजरेनं सांगतो आणि भावाची घासाघीस तोंडी हिशेबावर करतो. पुस्तक हातात दिलं की 'भ' आणि 'म' एक होतात, जोडाक्षर आलं की थांबतो, वेलांट्या तर त्याच्या दृष्टीनं डास आहेत, कुठेही बसतात. शिबिरात हाडांचे डॉक्टर होते, डोळ्यांचे होते, कान तपासायची सोय होती. मानसशास्त्रज्ञ नव्हते. टेबलामागच्या साहेबांनी पोराकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि मला म्हणाले, "मॅडम, हातपाय तर धडधाकट आहेत. याला काय झालंय?" जिल्ह्याच्या ठिकाणी जा म्हणाले. बापाची एका दिवसाची मजुरी बुडाली होती, दुसऱ्या दिवसाची बुडवायला तो तयार नव्हता. परतताना म्हणाला, "जाऊ द्या बाई, डोस्कंच नाही त्याला."

त्याच आठवड्यात ठाण्याच्या बहिणीचा फोन. तिच्या शेजारणीच्या मुलाला अध्ययन अक्षमतेचं (बुद्धी ठीक, पण वाचन-लेखन-गणितात अडचण) प्रमाणपत्र मिळालं. दहावीला जादा वेळ, लेखनिक, गणिताला कॅल्क्युलेटर. पेढे वाटले म्हणे. वाटावेत, मला असूया नाही. पण त्या मुलाचं बहिणीनं जे वर्णन केलं ते ऐकून मी गप्पच झाले. अक्षरन् अक्षर माझ्या पोराचं होतं. अडचण एकच, ठाण्यात तिला नाव मिळालं, आमच्याकडे शिवी.

आता थोडं पुस्तकी. १९७६ मध्ये इंग्लंडमधल्या अपंग कार्यकर्त्यांच्या एका संघटनेनं मांडणी केली की शरीरातली उणीव ही एक गोष्ट आणि अपंगत्व ही वेगळी गोष्ट. पाय चालत नाहीत ही उणीव. शाळेला पायऱ्याच आहेत हे अपंगत्व, आणि ते समाजानं लादलेलं. पुढे माइक ऑलिव्हर या अभ्यासकानं त्याला 'सामाजिक प्रारूप' म्हटलं. आपला २०१६ चा दिव्यांग हक्क कायदा व्याख्येत हेच बोलतो: दीर्घकालीन उणीव आणि भोवतालचे अडथळे यांच्या संबंधातून सहभाग अडतो. वाचून बरं वाटतं. पण पुढे त्याच कायद्यात 'लक्षणीय दिव्यांगत्व' येतं, म्हणजे किमान ४० टक्के, आणि ते वैद्यकीय मंडळ ठरवणार. एका कलमात समाज दोषी, दुसऱ्यात मूल वजनकाट्यावर. पायऱ्यांचे टक्के कोणी काढत नाही.

कागद देणारी यंत्रणा मोठ्या शहरात. तिथपर्यंत पोचायला आधी ऐकलेलं असायला हवं, मग रजा, मग पैसा, मग डॉक्टरांशी कोणत्या भाषेत बोलायचं ते माहीत हवं. बोर्द्यू नावाच्या फ्रेंच समाजशास्त्रज्ञानं याला सांस्कृतिक भांडवल म्हटलंय. आमच्याकडे त्याला वट म्हणतात.

तर विचारायचंय हे: तुमच्या पाहण्यात 'समावेशन' (अपंग मुलांनी नेहमीच्याच शाळेत शिकणं) म्हणजे नक्की काय झालं? पटावर नाव, की वर्गात जागा?

---

तळ्याकाठी
मंगळ, ११:१५

वाचतेय. ठाणे-मुंबईतही चित्र इतकं गुळगुळीत नाही हो. माझ्या भाच्याच्या वेळी महापालिकेच्या रुग्णालयात तारीख मिळायलाच महिने गेले. तो मराठी माध्यमात. त्याला वाचायला दिलेले उतारे इंग्रजी! इंग्रजी वाचता येत नाही याचा अर्थ काय काढायचा? आता वाचनातली अडचण (डिस्लेक्सिया) तपासायची 'डाली' नावाची चाचणी मराठीतही आहे (हिंदी, कन्नड आणि इंग्रजीतही). शाळांना ती माहीत आहे का, हा वेगळा प्रश्न.

---

खडूफळा
बुध, सकाळी ६:५०

मी दुसरी बाजू मांडतो. शिव्या पडतील, पडू देत.

द्विशिक्षकी शाळा. पहिली ते चौथी, पट ३१. सहकारी बाई प्रसूती रजेवर, म्हणजे सध्या मी एकटा. पोषण आहाराची नोंद, ॲपवर फोटो, मतदार यादी, वरून 'आजच माहिती पाठवा'. त्यात एक गतिमंद मुलगा, एक मुलगी जिला फिट्स येतात, आणि एक जो सारखा पळून विहिरीकडे जातो. तो विहिरीकडे गेला की मी वर्ग सोडून धावतो. उरलेल्या तिसांचं शिक्षण त्या वेळी कोणत्या प्रारूपात बसतं, सांगा.

फिरत्या शिक्षिका आमच्याकडेही येतात. महिन्यातून एकदा. वही तपासतात, सही करतात, चहा घेतात. दोष त्यांचा नाही, त्यांच्याकडे चाळीस शाळा. पण मग समावेशन, समावेशन हा गजर कशासाठी? विशेष शाळेत त्या मुलाला प्रशिक्षित माणूस मिळाला असता. खर्च वाचवण्यासाठी सरकारनं गोड शब्द शोधला, असं माझं प्रामाणिक मत.

---

फिरती_शाळा
बुध, दुपारी १:२०

खडूफळा सर, शिव्या कशाला? तुम्ही जे लिहिलंत त्यातलं निम्मं मी रोज बघते. चहाचंही खरं आहे.

पण तुमचा तो मुलगा विहिरीकडे का जातो, हे कधी पाहिलंत का? टोमणा नाही, खरंच विचारतेय. आमच्याकडे असाच एक होता. मधल्या सुट्टीनंतर घंटा जोरात वाजली की पळायचा. घंटा बंद करून हातानं खुणावायला लागलो, पळणं बरंच कमी झालं. तुमच्याकडे कारण वेगळं असेल. पण 'पळणारा मुलगा' म्हणून नोंद झाली की घंटेकडे कोणी बघत नाही.

खर्चाच्या मुद्द्याशी सहमत, पूर्ण सहमत. सर्वोच्च न्यायालयानं २०२१ मध्ये प्राथमिकला दर १० विशेष विद्यार्थ्यांमागे एक विशेष शिक्षक असं प्रमाण घालून दिलं. आपल्या राज्यात वर्षानुवर्षं आम्ही सगळे कंत्राटी. २०२४ मध्ये ४,८६० पदांचा निर्णय झाला, म्हणजे शाळांच्या एका केंद्राला एक. एका केंद्रात शाळा किती असतात ते तुम्हाला सांगायला नको.

आणि विशेष शाळेबद्दल: कायद्याच्या ३१ व्या कलमात लक्षणीय दिव्यांगत्व असलेल्या ६ ते १८ वयाच्या मुलाला शेजारची शाळा किंवा विशेष शाळा, जी निवडेल ती मोफत आहे. निवड. आमच्या तालुक्यात विशेष शाळाच नाही, जिल्ह्यात आहे ती निवासी, आणि आठ वर्षांच्या मुलीला आई तिथे सोडत नाही. मग निवड कोणी केली?

---

कुबडी_आणि_मी
बुध, रात्री ९:०५

वय ५४. पोलिओ. डावा पाय.

सामाजिक प्रारूपाचा मी ऋणी आहे, आधी ते सांगतो. पंचविशीपर्यंत मला वाटत होतं की चूक माझ्यात आहे. आमची माध्यमिक शाळा दुमजली, आठवीपासूनचे वर्ग वर. मला वर्गमित्र पाठंगुळी नेत. सगळे त्यांचं कौतुक करत, माझ्यासमोरच. 'बघा किती चांगली मुलं.' आठवीचा वर्ग खाली आणावा हे चार वर्षांत एकाही शिक्षकाला सुचलं नाही, मलाही नाही. गॉफमन नावाच्या समाजशास्त्रज्ञानं १९६३ मध्ये कलंकावर लिहिलं, ते खूप उशिरा वाचलं. डाग असलेला माणूसच समोरच्याचं अवघडलेपण सांभाळत बसतो, असा त्याचा एक मुद्दा. मी तेच करायचो. विनोदी झालो. पाठीवर बसून नकला करायचो, म्हणजे उचलणाऱ्याला ओझं वाटू नये.

पण आता उलट सांगतो. रॅम्प बांधा, लिफ्ट बसवा, थंडीत माझा पाय दुखायचा थांबत नाही. पोस्ट-पोलिओचा थकवा समाजानं लादलेला नाही. इंग्लंडमध्येच टॉम शेक्सपिअर या अभ्यासकानं (स्वतः अपंग आहेत) हा आक्षेप घेतलाय की ऑलिव्हर मंडळींच्या मांडणीत शरीरच गायब होतं. शाळेच्या संदर्भात याला फार अर्थ आहे. मला रॅम्पइतकीच दुपारी अर्धा तास आडवं व्हायला जागा हवी होती. ती मागायची म्हणजे 'बरोबरीचा' नसल्याची कबुली, म्हणून कधी मागितली नाही.

ता.क. 'दिव्यांग' शब्द मला नको. २०१५ च्या शेवटी तो वरून आला आणि पाट्या बदलल्या. दिव्य काही नाही माझ्या पायात. अपंग म्हणा, चालेल.

---

सुपारी_फुटली
बुध, रात्री ९:३०

शब्दांवर धागा जाणार बहुतेक, खुर्ची घेऊन बसतो :)

---

तळ्याकाठी
बुध, रात्री ९:४१

सुपारी_फुटली, नाही जाणार. पण आपल्या म्हणी आठवून पाहा: वासरांत लंगडी गाय शहाणी, आंधळं दळतं कुत्रं पीठ खातं. लहानपणापासून कानावर. वर्गात लंगडणारं पोर बसलेलं असताना बाई फळ्यावर ही म्हण लिहून वाक्यात उपयोग करायला सांगतात. मी स्वतः केलाय. दहापैकी नऊ गुण.

---

हातवारे
गुरु, सकाळी ११:१०

माझे आईवडील दोघेही कर्णबधिर, मी ऐकणारी. घरची पहिली भाषा हाताची. त्यामुळे या चर्चेत मी जरा तिरकी बसते.

अपंगत्वाच्या एकाच टोपलीत बहिऱ्या मुलांना टाकलं की घोळ होतो. त्यांचा प्रश्न आधी भाषेचा आहे. १८८० मध्ये इटलीत मिलान शहरात कर्णबधिर शिक्षणाची परिषद भरली आणि ठरलं की खुणांची भाषा वर्गातून काढायची, ओठ वाचायला आणि बोलायला शिकवायचं. परिषदेत कर्णबधिर शिक्षक जवळजवळ नव्हतेच. मुंबईत मूकबधिरांची शाळा निघाली ती त्याच दशकात, आणि ते वारं पुढे शंभर वर्षं टिकलं. आई सांगते, वर्गात हात हलवले की हातावर पट्टी. शिकली ती खुणेनंच, वसतिगृहात, रात्री, मोठ्या मुलींकडून.

म्हणून माझा खडूफळा यांना अर्धा पाठिंबा आहे, पण वेगळ्या कारणानं. सामान्य शाळेत चाळीस ऐकणाऱ्यांत एक कर्णबधिर मूल बसवलं की कागदावर समावेशन पूर्ण होतं. पण ते मूल दिवसभर कोणाशी बोलणार? आईच्या वसतिगृहात निदान रात्रीची भाषा होती. २०१६ च्या कायद्यात अंध आणि बहिऱ्या मुलांना त्यांना योग्य अशा भाषेतून शिकवा असं स्पष्ट आहे, मुक्त विद्यालयानं २०२१ मध्ये भारतीय सांकेतिक भाषा हा विषयही आणला. पण पहिलीच्या वर्गात ती भाषा येणारी बाई हवी, नाहीतर कायदा त्या मुलाला खुणेनं सांगणार कोण?

---

खडूफळा
गुरु, दुपारी २:००

हा मुद्दा माझ्या डोक्यात नव्हता. हातवारे, आभार.

---

बे_एरिया_बाई
गुरु, रात्री ११:५०

इकडे अमेरिकेत सगळं छान आहे असा समज असतो म्हणून लिहितेय. १९७५ पासून कायदा आहे, प्रत्येक अपंग मुलाचा वैयक्तिक शिक्षण आराखडा, शाळेत बैठक, सह्या. माझा धाकटा ऑटिस्टिक आहे, आम्हाला या कायद्यानं खूप दिलं.

पण कॅलिफोर्नियाचाच एक खटला बघा. सॅन फ्रान्सिस्कोच्या शाळांमध्ये काळ्या मुलांना बुद्ध्यांक चाचणीवर 'मतिमंद' ठरवून वेगळ्या वर्गात टाकत होते, त्यांच्या लोकसंख्येच्या मानानं कितीतरी जास्त. पालक १९७१ मध्ये कोर्टात गेले. लॅरी पी. या नावानं तो खटला ओळखला जातो. १९७९ मध्ये न्यायालयानं काळ्या मुलांना अशा वर्गात टाकण्यासाठी त्या चाचण्या वापरायला बंदी घातली. चाचणी शास्त्रीय होती, बरं का. फक्त ती कुणाच्या घरातल्या गोष्टी विचारत होती, हे कोणी विचारलं नव्हतं.

म्हणजे फिरती_शाळा यांच्या उदाहरणाचा हा आरसा. इथे गरिबाच्या मुलाला शिक्का जबरदस्तीनं मिळत होता, तिकडे तो मागूनही मिळत नाही. शिक्का ज्यातून काही मिळतं असा असेल तर तो वरच्यांकडे जातो, आणि ज्यानं बाहेर काढतात असा असेल तर खालच्यांकडे. आजही आराखड्याच्या बैठकीला जे पालक वकील घेऊन येतात त्यांच्या मुलांना जास्त तास मिळतात. मी वकील नेला नाही, पण पंधरा पानी फाईल नेली. तीच गोष्ट.

आणि अवांतर: इथल्या आपल्या मंडळींत अजून मुलाचं निदान लपवतात. गणपतीच्या कार्यक्रमात 'तो जरा शाय आहे' हे मीच तीन वर्षं म्हणत होते.

---

सातबारा
शुक्र, सकाळी ७:३०

कुणी ऊसतोडीचं बोललं नाही म्हणून लिहितो. दिवाळी झाली की आमच्याकडची गावं रिकामी होतात. जी पोरं चालती-फिरती, ती आईबापाबरोबर फडावर, नाहीतर हंगामी वसतिगृहात. जे पोर चालत नाही ते म्हातारीपाशी. म्हातारीला स्वतःलाच उठवत नाही. शाळेच्या पटावर त्या पोराचं नाव असतं, बरेचदा 'गृहाधारित शिक्षण' असा शेरा. घर कुलूपबंद तरी असतं, नाहीतर उघडं असून आत म्हातारी आणि पोर.

मुलगी असेल तर वेगळंच. आमच्या वस्तीवर एक आहे, सोळा-सतरा वर्षांची, बोलणं अडखळत, बाकी ठणठणीत. चौथीनंतर शाळा बंद. का, तर धाकट्या भावंडांना सांभाळते. म्हणजे काम करायला ती अपंग नाही, शिकायला आहे.

---

फिरती_शाळा
शुक्र, दुपारी १२:४५

सातबारा, शेवटचं वाक्य मी वहीत लिहून घेतलं.

२०११ च्या जनगणनेत देशात अपंग व्यक्ती २.६८ कोटी, महाराष्ट्रात साधारण २९.६ लाख. साक्षरता पाहिली तर अपंग पुरुषांत सुमारे ६२ टक्के, स्त्रियांत ४५. अपंगत्व दोघांचंही, मग मधले सतरा टक्के शरीराचे तर नाहीत ना. (जनगणनेतली मोजणीही अशी की घरी आलेल्या माणसानं 'कोणी अपंग आहे का' विचारायचं. लग्नाची मुलगी असलेल्या घरातून काय उत्तर येतं ते आपल्याला माहीत आहे.)

अपंग मुलींसाठी समग्र शिक्षा योजनेत महिन्याला २०० रुपये प्रोत्साहन भत्ता आहे. वीस दिवस भावंडं सांभाळायला बाई ठेवायची तर किती लागतील?

---

कडू_कारलं
शुक्र, सायंकाळी ५:१५

सगळं मान्य, पण खोट्या प्रमाणपत्रांचं काय? दहावीला जादा वेळ मिळावा म्हणून धडधाकट पोरांना 'एलडी' (अध्ययन अक्षम) करून आणणारे पालक मी पाहिलेत. निकष ढिले केले की हेच होणार. ४० टक्क्यांची रेषा कुठेतरी मारावीच लागते.

---

कुबडी_आणि_मी
शुक्र, रात्री ८:४०

कडू_कारलं, रेषा मारा, पण ती कशासाठी ते बघा. राखीव जागेला रेषा लागेल, समजू शकतो. लेखनिक हवा यालाही तीच? २०२१ मध्ये विकास कुमार खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की रायटर्स क्रॅम्पच्या (लिहिताना हात आखडण्याच्या) उमेदवाराला लेखनिक नाकारायला '४० टक्के नाहीत' हे कारण चालणार नाही. सोय ही खिरापत नसते, ती मिळाली तरच बरोबरीनं परीक्षा देता येते.

आणि रेषेची गंमत ऐका. २०२४ मध्ये आपल्याच राज्यातल्या ओंकार गोंड या विद्यार्थ्याचा खटला झाला. बोलण्या-भाषेचं अपंगत्व, चाळीसच्या वर. वैद्यकीय प्रवेशात अपंगांची जागा हवी तर किमान ४० टक्के पाहिजेत. आणि त्या प्रकारच्या अपंगत्वात ४० किंवा जास्त असतील तर डॉक्टरकी शिकायलाच अपात्र! म्हणजे दार उघडायला जी किल्ली, तिनंच ते बंद होतं. न्यायालयानं म्हटलं, नुसता आकडा बघून नाकारू नका, हा मुलगा शिकू शकतो का ते तपासा. प्रवेश मिळाला. एकाला मिळाला, खटला लढून.

खोट्यांबद्दल: असतात. उत्पन्नाचे खोटे दाखलेही असतात, म्हणून शिष्यवृत्त्या बंद करा असं कोणी म्हणत नाही.

---

कडू_कारलं
शुक्र, रात्री ९:१०

शेवटचं वाक्य मान्य नाही, म्हणणारे आहेत. पण ओंकारच्या खटल्याचं माहीत नव्हतं. वाचतो.

---

खडूफळा
शनि, दुपारी ३:३०

काल शाळेत बसून पाहिलं. अगदी घड्याळ लावून. आमचा पोरगा घंटेला पळत नाही. पोषण आहाराची खिचडी शिजायला लागली, धूर आला की पळतो. स्वयंपाकाची शेड वर्गाला लागून आहे. विहीर वाऱ्याच्या उलट्या बाजूला.

शेड हलवणं माझ्या हातात नाही. त्याला सोमवारपासून पलीकडच्या खोलीत दुसरीबरोबर बसवतो. बघू.

---

फिरती_शाळा
शनि, रात्री १०:२०

सर!! कळवा हं नक्की.

माझ्या पोराचं: बापाला राजी केलंय, सोमवारी पहाटे साडेपाचच्या एसटीनं जिल्ह्याला निघतोय. शेळ्या शेजाऱ्यानं बघायच्या कबूल केल्यात. अध्ययन अक्षमतेचं प्रमाणपत्र आठ वर्षं पूर्ण झाल्यावर मिळतं, मग १४ आणि १८ ला पुन्हा काढावं लागतं, म्हणजे हा प्रवास परत आहेच. तळ्याकाठी, ती 'डाली' चाचणी मराठीत कुठे मिळेल, व्यनि (व्यक्तिगत निरोप) कराल का? तिथे कोणी इंग्रजी उतारा पुढे केला तर पिशवीत काहीतरी असावं म्हणून विचारतेय.

---

तळ्याकाठी
शनि, रात्री १०:३५

व्यनि केलाय. डबा घेऊन जा, तिथे दुपारशिवाय नंबर लागत नाही.